कुलूपबंद आवार आणि निनावी पत्रे : विद्यापीठीय रहस्यकथेविषयी काही विचार

काही वर्षांपूर्वी, एम. फिल.चे वर्ग अजून भरत होते तेव्हाची गोष्ट आहे. विषयनिश्चितीच्या बैठकीत एका विद्यार्थिनीने इंग्रजी आणि मराठी रहस्यकथांच्या तौलनिक अभ्यासाचा प्रस्ताव मांडला. बैठकीतील एका ज्येष्ठांनी तो हातात घेतला, एकदा चाळला आणि प्रवासात वाचून रद्दीत टाकायच्या पुस्तकांवर विद्यापीठाने श्रम का खर्चावेत, असे विचारले. विद्यार्थिनीने पुढल्या आठवड्यात विषय बदलला. बैठकीत मीही होतो आणि मी काही बोललो नाही. प्रस्तुत लेखाचे एक निमित्त ते मौन आहे. ज्या पुस्तकांना रद्दी म्हटले गेले, त्यांतील निदान एक शाखा विद्यापीठातल्या अध्यापकांनीच रचली, विद्यापीठावरच रचली आणि आपल्या विभागांना कळू नये म्हणून बहुधा टोपणनावाने रचली, ही गोष्ट त्या दिवशी सांगायला हवी होती.

इंग्रजीत ज्या प्रकाराला अलीकडे 'कोझी' म्हणतात, त्याची लक्षणे वाचकांना ठाऊक आहेत. गुन्हा घडतो, पण रक्ताचे वर्णन येत नाही. तपास करणारी व्यक्ती बहुतेकदा हौशी असते. संशयित मोजके, एकमेकांना ओळखणारे आणि सुसंस्कृत असतात. शेवटी गुन्हेगार सापडतो आणि विस्कटलेली घडी पुन्हा बसते. डब्ल्यू. एच. ऑडन या कवीने 1948 मध्ये लिहिलेल्या एका निबंधात या घडीचा अर्थ धार्मिक परिभाषेत लावला आहे. त्याच्या मते अशी कथा एका निष्पाप भासणाऱ्या बंदिस्त समाजात घडते. हत्येमुळे त्या समाजाचे निष्पापपण संपते आणि गुन्हेगार वेगळा काढला गेला की ते परत मिळते. खेडे, नाटकमंडळी, सुटीसाठी एकत्र जमलेले कुटुंब, असा कोणताही समाज त्यासाठी चालतो. मात्र अट एकच : बाहेरचा माणूस आत शिरू शकत नाही, याची वाचकाला खात्री हवी.

ऑक्सफर्ड-केंब्रिजचे कॉलेज ही अट कशी पुरी करते, हे समजून घेण्यासाठी तेथील वास्तूकडे पाहिले पाहिजे. मराठी वाचक 'कॉलेज' म्हटले की वर्ग, नोटीसबोर्ड आणि सायकलींचा तळ डोळ्यांसमोर आणतो. तिकडचे जुने कॉलेज म्हणजे उंच भिंतींनी वेढलेला वाडा. मध्ये चौक, चौकाभोवती जिने, जिन्यांवर अध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या राहत्या खोल्या, एक प्रार्थनामंदिर, एक भोजनगृह, आणि या सगळ्याला एक देवडी. देवडीवर पहारेकरी, रात्री ठरल्या वेळी दार बंद. त्यानंतर आत किती माणसे आहेत, हे मोजता येते. अविवाहित अध्यापक तेथेच राहतात, एका पंक्तीला जेवतात, जेवणानंतर एका दिवाणखान्यात बसतात आणि वीस-तीस वर्षे एकमेकांचा कंटाळा सहन करतात. रहस्यकथेला लागणारे नकाशे, वेळापत्रके आणि जुने द्वेष या वास्तूत आयतेच तयार असतात.

या सामग्रीचा उपयोग 1930 नंतरच्या दशकात झपाट्याने झाला. जे. सी. मास्टरमन यांची 'अॅन ऑक्सफर्ड ट्रॅजेडी' 1933 ची. तिच्यात सेंट थॉमस या काल्पनिक कॉलेजातील एक नावडता अध्यापक दुसऱ्याच्या खोलीत गोळी लागून मेलेला आढळतो, आणि तपास करतो व्हिएन्नाहून आलेला एक कायदेपंडित. निवेदक स्वतः त्याच कॉलेजातला एक वयस्क अध्यापक आहे. आपल्याच पंक्तीतला कोणीतरी खुनी आहे, या जाणिवेने त्याची वर्षानुवर्षांची सुखवस्तू दिनचर्या आतून कशी किडते, हे त्या कादंबरीत फार संयमाने आले आहे. मास्टरमन स्वतः ऑक्सफर्डचे इतिहासाध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे हेर फितवून त्यांच्याच करवी खोट्या बातम्या पाठवणाऱ्या ब्रिटिश समितीचे ते प्रमुख झाले, हा योगायोग मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

मायकेल इनिस यांची 'डेथ अॅट द प्रेसिडेंट्स लॉजिंग' (1936) ही याच वाटेवरची, पण स्वभावाने खट्याळ. कॉलेजच्या अध्यक्षाचा त्याच्या अभ्यासिकेत खून होतो आणि प्रेताभोवती मानवी हाडे पसरलेली सापडतात. आतील आवारात शिरण्याच्या किल्ल्या मोजक्याच माणसांकडे असल्यामुळे संशयितांची यादी देवडीवरच तयार होते. पुढे उलगडते ते असे की एकाहून अधिक विद्वानांनी, एकमेकांना न कळत, ते प्रेत इकडून तिकडे हलवले आहे. प्रत्येकाने दुसऱ्याविषयी काही तर्क बांधला आणि त्या तर्कावर हुशारीने कृती केली. संशोधक म्हणून लागलेली सवय, म्हणजे अपुऱ्या पुराव्यावरून संपूर्ण सिद्धांत उभारण्याची सवय, येथे विनोदाचा विषय झाली आहे. आपल्याकडे एखाद्या हस्तलिखिताच्या कालनिश्चितीवरून झडणारे वाद ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना तो विनोद परका वाटणार नाही. अमेरिकेत ही कादंबरी 'सेव्हन सस्पेक्ट्स' या नावाने निघाली. मूळ नावामुळे राष्ट्राध्यक्षाचाच खून झाला, असा समज होण्याची भीती होती.

इनिस हे टोपणनाव. खरे नाव जे. आय. एम. स्ट्युअर्ट, आधी ऑस्ट्रेलियात अॅडलेड येथे इंग्रजीचे प्राध्यापक आणि नंतर दीर्घकाळ ऑक्सफर्डमध्ये अध्यापक. पुरातत्त्वज्ञ ग्लिन डॅनियल यांनी 'द केंब्रिज मर्डर्स' (1945) डिल्विन रीस या नावाने प्रसिद्ध केली. कवी सेसिल डे-लुईस यांचे रहस्यकथेतील नाव निकोलस ब्लेक. ते पुढे ऑक्सफर्डचे काव्याचे प्राध्यापक झाले. संगीतकार ब्रूस माँटगमेरी यांनी एडमंड क्रिस्पिन या नावाने जर्व्हस फेन हा ऑक्सफर्डचा इंग्रजीचा प्राध्यापकच गुप्तहेर केला. हे टोपणनाव त्यांनी इनिसच्या एका पात्रावरून घेतले होते, म्हणजे टोपणनावाने लिहिलेल्या कादंबरीतून टोपणनाव. या सर्वांना लपावेसे का वाटले, याचे उत्तर प्रत्येकाच्या बाबतीत एकच नसेल. पण ज्या बैठकीचा उल्लेख आरंभी केला, तशा बैठका तिकडेही होत असणार.

येथे मराठीचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. मराठीत रहस्यकथेला वाचक कधीच कमी पडले नाहीत. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड यांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. दुसरीकडे, अध्यापकांच्या हेव्यादाव्यांचे चित्रण मराठी कादंबरीत नाही, असेही नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार' (1975), 'जरीला' (1977), 'झूल' (1979) या कादंबऱ्यांतून चांगदेव पाटील गावोगावच्या महाविद्यालयांत फिरतो, आणि संस्थाचालक, प्राचार्य, सहकारी यांच्यातील क्षुद्रतेचे जेवढे निर्मम दर्शन तेथे घडते, तेवढे इनिसच्या कादंबरीतही घडत नाही. असे असता या दोन प्रवाहांचा संगम होऊन विद्यापीठीय रहस्यकथा ठळकपणे का उभी राहिली नाही?

मराठी माणसाला कोडी आवडत नाहीत, किंवा आपले अध्यापक एकमेकांवर पुरेसे जळत नाहीत, ही उत्तरे कोणी गंभीरपणे देणार नाही. माझ्या मते उत्तर वास्तूत आणि व्यवस्थेत आहे. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. प्रारंभी ते परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे विद्यापीठ होते. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. ऑक्सफर्डचा निवासी नमुना आपल्याकडे आलाच नाही. आपला अध्यापक तास संपला की बस पकडून घरी जातो. त्याचे वैर विद्वत्सभेत, अभ्यासमंडळात, नेमणुकीच्या मुलाखतीत आणि परीक्षकांच्या यादीत नांदते, म्हणजे ते कागदावर आणि सात गावांत पसरलेले असते. त्याला देवडी नाही. रात्री दहाला आत किती माणसे होती, हा प्रश्नच संभवत नाही. चांगदेवाची कथा म्हणूनच बिऱ्हाडे बदलणाऱ्या माणसाची कथा होते. मोकळ्या रस्त्याची, बंद दाराची नव्हे. उलट भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याच्या विद्याभवनाच्या वसतिगृहात राहतो, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. जेथे वसतिगृह आहे, तेथे मराठीतही शोधकथा सहज रुजली.

अपवाद म्हणून एक संस्था आठवते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची (1884) आजीव सदस्यांची कल्पना ऑक्सफर्डच्या फेलोंच्या बरीच जवळची होती : त्यागाच्या प्रतिज्ञेने बांधलेले, एकाच कार्याला आयुष्य वाहिलेले थोडे विद्वान. त्यांच्यातील मतभेद इतके विकोपाला गेले की 1890 मध्ये टिळकांनी राजीनामा दिला, आणि त्या राजीनाम्याबरोबर आपली बाजू सविस्तर लिहून ठेवली. टिळक, आगरकर, गोखले या नावांमुळे तो कलह चरित्रांचा आणि पत्रसंग्रहांचा विषय झाला. कादंबरीकाराला त्यात हात घालण्याचे धाडस झाले नाही. कदाचित बरेच झाले.

आता ज्या कादंबरीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला, तिच्याकडे वळतो. डोरोथी एल. सेयर्स यांची 'गॉडी नाइट' 1935 मध्ये प्रसिद्ध झाली. सेयर्स यांचा जन्म 1893 मध्ये ऑक्सफर्डमध्येच झाला. सोमरव्हिल या स्त्रियांच्या कॉलेजात त्या 1912 मध्ये दाखल झाल्या आणि 1915 मध्ये त्यांनी प्रथम श्रेणी मिळवली. पदवी मात्र तेव्हा मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना परीक्षेला बसू देत असे, पदवी देत नसे. तो नियम 1920 मध्ये बदलला आणि पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांत सेयर्स होत्या. केंब्रिजने पूर्ण पदवी देण्यास 1948 साल उजाडले. मराठी वाचकाला या इतिहासात एक ओळखीचे नाव भेटेल. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1889 मध्ये याच सोमरव्हिलमध्ये गेल्या आणि 1892 मध्ये कायद्याची परीक्षा देऊनही पदवीविनाच परतल्या. मुंबई विद्यापीठाने ज्या स्त्रीला पदवीधर केले, तिला ऑक्सफर्डने तीस वर्षे थांबवले.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली तर 'गॉडी नाइट'मधील शिरजोर शांततेचा अर्थ लागतो. श्रूजबरी हे कादंबरीतील काल्पनिक कॉलेज स्त्रियांचे आहे. त्याच्या अध्यापिकांना तेथे येऊन फार काळ झालेला नाही आणि आपण तेथे कायम राहू, याची त्यांना खात्री नाही. एवढ्यात निनावी विखारी पत्रे येऊ लागतात. मिस लिडगेट यांच्या छंदशास्त्रावरील ग्रंथाची मुद्रिते शाईने विद्रूप केली जातात. गाऊन घातलेला एक पुतळा सुरी खुपसून प्रार्थनामंदिरात टांगलेला सापडतो. एक विद्यार्थिनी पत्रांनी खचून जीव देण्याच्या बेतात येते. पोलिसांना बोलावले तर वर्तमानपत्रे हसतील : एकत्र राहणाऱ्या अविवाहित शिकलेल्या बायकांचे शेवटी असेच व्हायचे. म्हणून माजी विद्यार्थिनी आणि रहस्यकथालेखिका हॅरिएट व्हेन हिला गुपचूप बोलावले जाते, आणि पुढे लॉर्ड पीटर विम्झी तिच्या मदतीला येतो.

तत्पूर्वी, 1928 मध्ये, एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकी लेखकाने रहस्यकथेचे वीस नियम सांगितले होते. प्रेत असलेच पाहिजे, प्रेमप्रकरण नको, नोकराला गुन्हेगार करू नये. सेयर्स यांनी हे तिन्ही मोडले. या कादंबरीत खून होत नाही. तिचा अर्धा अवकाश हॅरिएट आणि पीटर यांच्यातील संबंधाने व्यापला आहे. आणि गुन्हेगार निघते ती अॅनी, कॉलेजात खोल्या झाडणारी एक सेविका, ऑक्सफर्डच्या बोलीत 'स्काउट'. (ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही, त्यांचा रसभंग झाला असेल. तिचे मोल मात्र उत्तर ठाऊक झाल्यावरच कळू लागते, असा माझा अनुभव आहे.)

अॅनीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेत एक युक्ती आहे, तिचा खुलासा करणे आवश्यक आहे. पुतळ्याला चिकटवलेल्या कागदावर व्हर्जिलच्या महाकाव्यातील लॅटिन ओळी आहेत. लॅटिन जाणणारी व्यक्ती म्हणजे अध्यापिका किंवा विद्यार्थिनी. सेविका नव्हे, असे सर्वांनी, वाचकानेही, गृहीत धरले. प्रत्यक्षात त्या ओळी अॅनीला नवऱ्याच्या कागदांतून मिळाल्या होत्या. तिला त्यांचा अर्थ लावता येण्याची गरजच नव्हती. म्हणजे वाचकाला चकवणारी गोष्ट आहे ती त्याचा वर्गाभिमान : विद्या ज्यांच्याजवळ आहे त्यांच्याकडूनच विद्येचे अवतरण येणार. तंत्राच्या दृष्टीने हा संपूर्ण कादंबरीतील सर्वांत प्रामाणिक चकवा आहे, कारण माहिती कोठेही लपवलेली नाही. आपण ती पाहायचे नाकारतो.

अॅनीच्या नवऱ्याची हकीकत हे कादंबरीचे खरे बीज आहे. आर्थर रॉबिन्सन हा इतिहासाचा अभ्यासक. त्याने आपला प्रबंध लिहीत आणला असता त्याच्या सिद्धांताला छेद देणारे एक जुने पत्र परदेशातील एका ग्रंथालयात त्याच्या हाती लागले. त्याने ते पत्र उचलले आणि प्रबंध तसाच सादर केला. मिस डी व्हाइन या विदुषीने तेच पत्र पूर्वी पाहिलेले होते. तिने त्याला उघडे पाडले. रॉबिन्सनची पदवी गेली, मिळू घातलेले पद गेले. दोन मुलींना आणि पत्नीला मागे ठेवून त्याने आत्महत्या केली. पुढे मिस डी व्हाइन श्रूजबरीत आल्या आणि तेथे अॅनी सेविका म्हणून त्यांच्यासमोर वावरत राहिली. मिस डी व्हाइन यांना ती कोण, हे कळले नाही. तिच्याकडे पाहण्याचे त्यांना कारणही नव्हते.

शेवटच्या प्रसंगात, सर्व अध्यापिकांच्या देखत, अॅनी जे बोलते ते कादंबरीतील सर्वांत जळजळीत भाषण आहे. एका जुन्या कागदाच्या कपट्यासाठी तुम्ही माझ्या माणसाचा जीव घेतलात; त्या कपट्याने कोणाचे काय बिघडले असते? असा तिचा प्रश्न आहे. तत्पूर्वी एका भोजनोत्तर चर्चेत याच अध्यापिकांनी, समोर नेमके काय वाढून ठेवले आहे हे न जाणता, याच प्रश्नावर मत दिलेले असते. सी. पी. स्नो यांच्या 'द सर्च' (1934) या तेव्हा नव्या असलेल्या कादंबरीतील वैज्ञानिक अप्रामाणिकपणाचा विषय निघतो, आणि कुटुंब अडचणीत आहे म्हणून खोट्या संशोधनाकडे काणाडोळा करावा काय, यावर वाद झडतो. त्या पंक्तीतील जवळजवळ सर्व जणी म्हणतात : नाही. हा निर्णय पंक्तीत बसून देणे सोपे होते. नंतर तो अॅनीच्या तोंडावर पुन्हा द्यावा लागतो.

सेयर्स यांची बाजू कोणती, याविषयी संदिग्धता नाही. त्या मिस डी व्हाइन यांच्या बाजूने आहेत. ज्याने पुरावा दडवला त्याने विद्येशी द्रोह केला, आणि त्याला माफी नाही. तथापि लेखिकेचे मोठेपण असे की तिने मिस डी व्हाइन यांनाही मोकळे सोडलेले नाही. सत्य सांगितले हे बरोबरच. पण त्यानंतर त्या माणसाचे, त्याच्या बायकामुलांचे काय झाले, याची चौकशीसुद्धा आपण केली नाही, ही कबुली त्यांना द्यावी लागते. निर्णयाची खंत नाही, निर्णयानंतरच्या बेफिकिरीची आहे. हा भेद नाजूक आहे आणि कादंबरीने तो नीट सांभाळला आहे.

एक आक्षेप मात्र मला अनेक वाचनांनंतरही सोडवत नाही. सर्व विदुषींना निर्दोष ठरवून विकृतीचा सारा भार सेविकेवर टाकणे, हे एका अर्थी सोयीचे आहे. वर्तमानपत्रांनी ज्या आरोपाची वाट पाहिली होती, त्यातून शिकलेल्या स्त्रिया सुटतात. त्या सुटण्याची किंमत खालच्या वर्गातली स्त्री मोजते. बायकांनी पुरुषांच्या नोकऱ्या घेऊ नयेत, हे मतही सेयर्स यांनी अॅनीच्याच तोंडी दिले, म्हणजे ते मत गुन्ह्याबरोबर आपोआप बाद व्हावे. ऑडनच्या विवेचनातील गुन्हेगाराची हकालपट्टी येथे फार नेमकेपणाने घडते, आणि म्हणूनच अस्वस्थ करते. आपल्याकडील वाचकाला, जो शिपाई आणि प्राध्यापक एकाच आवारात किती निरनिराळ्या जगांत राहतात हे रोज पाहतो, हा आक्षेप अधिक जाणवावा.

हे सारे 1935 चे, दूरदेशीचे, असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून रॉबिन्सनच्या अपराधाचे स्वरूप पुन्हा पाहू. त्याने दुसऱ्याचे वाक्य चोरले नाही. आज आपल्या विद्यापीठांतून प्रबंध सादर करताना वाङ्मयचौर्य तपासणारी संगणकीय यंत्रणा लावली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य ठरते, त्यापुढे पायरीपायरीने दंड वाढतो आणि साठ टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. रॉबिन्सनचा प्रबंध या यंत्रणेत घातला असता तर तो शून्य टक्क्यांनी उत्तीर्ण झाला असता. यंत्र लिहिलेले तपासते. न लिहिलेले तपासू शकत नाही. तेथे मिस डी व्हाइनच लागते, म्हणजे ज्याने ते पत्र स्वतः वाचले आहे आणि जो ते विसरलेला नाही, असा माणूस.

मला एकदाच असा प्रसंग आला. एका प्रबंधात एका दिवंगत कवीच्या एका कवितेचा काळ ठरवून त्यावर एक संपूर्ण प्रकरण उभे केले होते. तो काळ चुकीचा ठरवणारे पत्र एका नियतकालिकाच्या जुन्या अंकात छापलेले मी वाचले होते, आणि संशोधकाच्या संदर्भसूचीत तोच अंक होता. नोकरी कायम होण्यासाठी त्याला पदवी हवी होती, हे मला कळवण्यात आले होते. कोणी कळवले, ते येथे महत्त्वाचे नाही. मी प्रबंध मान्य केला आणि अहवालात, त्या प्रकरणाचा पुनर्विचार व्हावा, असे एक वाक्य लिहिले. मिस डी व्हाइन यांनी ते वाक्य लिहिले नसते. तो प्रबंध पुढे पुस्तकरूपाने निघाला. ते प्रकरण त्यात जसेच्या तसे आहे, आणि आता त्याचा आधार घेऊन लिहिणारे विद्यार्थी माझ्याच वर्गात येतात.

सेयर्स यांच्यानंतरच्या परंपरेविषयी थोडक्यात. कॉलिन डेक्स्टर यांच्या 'द सायलेंट वर्ल्ड ऑफ निकोलस क्विन' (1977) मध्ये गुन्ह्याची जागा कॉलेजातून परीक्षा मंडळाकडे सरकते. परदेशी विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेणारे ऑक्सफर्डमधील एक मंडळ, फुटलेल्या प्रश्नपत्रिका, आणि ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखणारा, कानांनी अधू असा नवा अधिकारी. डेक्स्टर यांनी बहिरेपणामुळे शिक्षकाची नोकरी सोडली होती आणि 1966 पासून 1988 पर्यंत ते ऑक्सफर्डच्याच परीक्षा मंडळात कामाला होते. प्रश्नपत्रिका कशी तयार होते, कोणकोणत्या टेबलांवरून जाते, कोठे फुटू शकते, याचे असे जाणकार वर्णन दुसऱ्या रहस्यकथेत मी वाचलेले नाही. मराठीत विद्यापीठीय रहस्यकथा लिहायची झालीच तर तिचे स्थळ चौक आणि देवडी नव्हे, तर परीक्षा विभागाची मोहोरबंद खोली असावे, असे मला ही कादंबरी वाचल्यापासून वाटत आले आहे. आपल्या व्यवस्थेत खऱ्या अर्थाने कुलूप लागते ते तेथेच.

अमेरिकेतील अमँडा क्रॉस यांची 'डेथ इन अ टेन्युअर्ड पोझिशन' (1981) 'गॉडी नाइट'ची थेट वंशज मानली पाहिजे. हार्वर्डच्या इंग्रजी विभागात एका देणगीच्या अटीमुळे प्रथमच एका स्त्रीला कायम प्राध्यापकपद द्यावे लागते. जॅनेट मँडेलबॉम ही ती विदुषी. ती स्त्रीवादी नाही, स्त्रियांच्या चळवळीशी तिला काही देणेघेणे नाही, केवळ विद्वत्तेच्या बळावर आपल्याला स्वीकारले जाईल, असा तिचा विश्वास आहे. विभागाला ती नको आहे. चळवळीतील स्त्रियांना ती आपली वाटत नाही. एक दिवस विभागाच्या इमारतीतील पुरुषांच्या स्वच्छतागृहात ती मृतावस्थेत सापडते. संशय सहकाऱ्यांवर जातो, आणि शेवटी निष्पन्न होते ते हे की तिने विष घेऊन स्वतःच जीव दिला. नंतर प्रेत हलवले गेले. खुनी सापडत नाही, कारण खुनी नाही. ऑडनच्या कथेत एकाला बाहेर काढून समाज शुद्ध होतो. येथे बाहेर काढायला कोणी नाही आणि संपूर्ण विभाग आपल्या जागी शाबूत आहे.

क्रॉस म्हणजे कोलंबिया विद्यापीठातील इंग्रजीच्या प्राध्यापिका कॅरोलिन हाइलब्रन (1926–2003). त्यांची पहिली रहस्यकथा 1964 ची. त्या वेळी त्यांचे पद कायम झालेले नव्हते, आणि रहस्यकथा लिहिणे विभागाला कळले तर ते होणार नाही, या भीतीने त्यांनी नाव बदलले, असे त्यांनीच नंतर सांगितले. 1992 मध्ये, विभागात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीचा निषेध करून त्यांनी ते पद सोडले. तोपर्यंत त्यांच्या टोपणनावाखालील नायिका, प्राध्यापिका केट फॅन्स्लर, हिच्या अनेक कादंबऱ्या झाल्या होत्या, आणि त्यांतील विभागप्रमुख, निवड समित्या आणि शिष्टाचाराचे खून कोठून आले, हे शोधण्यासाठी त्यांच्या सहकाऱ्यांना गुप्तहेराची गरज उरली नव्हती.

आरंभी उल्लेखिलेली विद्यार्थिनी पुढे एका तालुक्याच्या महाविद्यालयात अध्यापिका झाली. बदललेल्या विषयावरचा तिचा प्रबंध बरा होता, एवढेच म्हणता येईल. तिचा मूळ प्रस्ताव, तीन पानांचा, माझ्या कागदांत अजून आहे. त्यातील दुसऱ्या पानावर 'गॉडी नाइट'मधील सेविकेविषयी एक प्रश्न तिने विचारला होता. वर मांडलेला आक्षेप बहुतांशी तिचा आहे.